बाटली कंपनीची शपथ

आंबिवली स्टेशनला उतरून ‘श्रीनिधी ग्लास वर्क्स’ कुठे म्हणून विचारलंत, तर समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ‘बाटली कंपनी’ म्हणा, की रिक्षावाला पुढचं काही न विचारता गाडी वळवतो. औषधाच्या, सरबताच्या, लोणच्याच्या बाटल्या तिथल्या भट्टीतून निघायच्या. कंपनी बंद पडली त्या साली जन्मलेली पोरं आता नोकरीला लागली, पण नाव काही बंद पडलं नाही. फाटकावर अजून जुनी पाटी आहे, पाटीखाली कुलूप आहे, आणि मागच्या बाजूला कामगार चाळ आहे. शालन गमरे त्या चाळीत राहते.

शालन पन्नाशी ओलांडलेली, एकटी. वडील कुंडलिक गमरे भट्टीवर होते. दापोलीकडून आलेले, कमी बोलणारे, ताठ. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शालन ठाण्याला नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात विम्याचं टेबल सांभाळते. मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टर करतात, पण विमा कंपनीकडून त्याचे पैसे काढायचे ते शालनने. कंपनीने क्लेम नाकारला की तिला मनापासून राग येतो, जणू नकार तिच्याच घरी आलाय. मग ती पॉलिसीची बारीक अक्षरातली पानं शेवटपर्यंत वाचते आणि फोन उचलते. पलीकडच्या माणसाची त्या दिवशी काही खैर नसते.

आपल्याकडे घरी इंग्रजी कागद आला की तो नीट घडी घालून कपाटात ठेवण्याची रीत आहे. फारच घाबरवणारा असला तर गादीखाली. शालन तो उघडून वाचते, कळला नाही तर पुन्हा वाचते. एवढीच काय ती तिची हुशारी, असं ती स्वतः म्हणते. मला विचाराल तर ही फार मोठी हुशारी आहे आणि ती फार कमी लोकांकडे असते.

गणपती उठले आणि चाळीत कुजबूज सुरू झाली. कोणी दोन माणसं टेप घेऊन आली होती, भिंतीची मापं घेऊन गेली. कोणी म्हणे कंपनी विकली. कोणी म्हणे दिवाळखोरीत काढली, आता टॉवर होणार. चाळीतल्या दोन-तीन पोरांनी मोबाईलवर शोधून पाहिलं. ‘श्रीनिधी’ नावाची एकही केस सापडली नाही, तेव्हा त्यांनी वडीलधाऱ्यांना सांगितलं, “काही नाहीये, टेन्शन नका घेऊ.” सगळ्यांना हायसं वाटलं. शालनला मात्र वाटलं नाही. दवाखान्यात ‘काही नाही’ म्हणून आलेला पेशंट तिने पुष्कळदा पाहिला होता.

रजा टाकून ती आधी कल्याणच्या कोर्टात गेली. तिथून तिला ठाण्याला जायला सांगितलं. ठाण्याच्या कोर्टात एका वयस्क कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून तिचं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, “ताई, माणूस दिवाळखोर झाला तर त्याचे कागद आमच्याकडे. कंपनी झाली तर मुंबईचं कंपनी न्यायाधिकरण. पण तिकडे जायची गरज नाही. त्यांचे आदेश वेबसाईटवर असतात, कुणालाही बघता येतात.” शालनने त्याचे आभार मानले आणि बाहेर येऊन झाडाखाली उभ्या उभ्या वेबसाईट उघडली. पक्षकाराचं नाव घाला, असा रकाना होता. तिने श्रीनिधी घातलं. पोरांचं खोटं नव्हतं, खरंच काही नव्हतं.

दुसरी कोणी असती तर तिथेच निश्चिंत झाली असती. पण शालनला टेबलावरचा रोजचा अनुभव होता. पेशंट आपल्या कंपनीचं नाव सांगतो ते एक, आणि पॉलिसीवर असतं ते वेगळंच. घरी जाऊन तिने वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची शेवटची पावती काढली. त्यावर कुठेही श्रीनिधी नव्हतं. ‘एस. एन. जी. कंटेनर्स लिमिटेड’ होतं. मालकाने कागदावर नाव केव्हाच बदललं होतं, फाटकावरची पाटी रंगवण्याचा खर्च तेवढा वाचवला होता. पाटीकडे बघून आयुष्य काढलेल्या माणसांना हे कळणार तरी कसं?

नवीन नाव घातल्याबरोबर केस समोर आली. एका बँकेने अर्ज केला होता, न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेतला होता. आदेशाची पानं पुष्कळ होती आणि इंग्रजी असं, की एक वाक्य सुरू झालं की संपायचं नावच घेत नाही. शालनने ते दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. डबा एका हाताला, आदेश दुसऱ्या हाताला. एकेका शब्दाला तिने आपला शब्द शोधला. ‘मोरेटोरियम’ म्हणजे आता कंपनीवर कोणी वसुलीला जायचं नाही, सगळे हात खाली. ‘रिझोल्यूशन प्रोफेशनल’ म्हणजे न्यायाधिकरणाने बसवलेला कारभारी. सगळी देणी त्याच्याकडे नोंदवायची; मग कंपनी घ्यायला कोण तयार आहे, कोणाला किती देणार, याची योजना ठरणार. योजना एकदा मंजूर झाली, की ज्याचं देणं तीत नाही त्याने पुन्हा तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं तिला कळलं तेव्हा डबा तसाच राहिला.

तिने कारभाऱ्याच्या कचेरीत फोन लावला. वल्लरी नावाच्या मुलीने तो घेतला. मुलगी चांगली होती, घाईत नव्हती.

“मॅडम, कामगारांचे दावे फारच कमी आलेत,” ती म्हणाली. “तुमच्या चाळीतून तर एकही नाही. आम्ही पेपरात जाहिरात दिलेली, फाटकावर नोटीस पण लावलेली. कोणीच आलं नाही, मग आम्हाला वाटलं सगळ्यांचा हिशोब झालेला असणार.”

“कोणाचा हिशोब झालेला नाही,” शालन म्हणाली.

“मग दावा करा ना. उशीर झालाय, पण दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत आला तर सर घेतील. नंतर यादी योजनेबरोबर जाईल. वेगवेगळे फॉर्म नकोत, सगळ्यांनी सह्या करून एक प्रतिनिधी नेमा, त्याच्या सहीने एकत्र दावा चालतो.”

शालनने फोन ठेवला. तिची स्टेशनची वाट मागच्या बाजूने, म्हणून तिला ठाऊक नव्हतं; पण फाटकावर नोटीस लागली होती हे चाळीला माहीत होतं. येता-जाता सगळ्यांनी पाहिली होती आणि कंपनीचा कागद म्हणून एकाही माणसाने ती वाचली नव्हती. त्याचं कारण अख्ख्या आंबिवलीत फक्त बाटली कंपनीच्या लोकांना कळेल असं होतं.

कंपनी बंद पडली तेव्हा मॅनेजरची माणसं खोलीखोलीतून फिरली होती. एका हातात थोडी रोकड, दुसऱ्या हातात स्टँपपेपर: ‘माझा कंपनीवर काही हक्क उरलेला नाही.’ घरात चूल थंड, पोरांच्या फिया थकलेल्या. काहींनी सह्या केल्या आणि आयुष्याची कमाई एका किराण्याच्या बिलात घालवून बसले. तेव्हा युनियन कमिटीचे दौलत निकम उभे राहिले. कंपनीत दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. त्या वर्षी यंत्रं कुलपाच्या आत होती, म्हणून लोकांनी कुलपालाच झेंडूचा हार घातला. त्या कुलपावर हात ठेवून दौलतमामांनी सगळ्यांकडून शपथ घेतली, की कंपनीचं नाव असलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. कुंडलिक गमरे बौद्ध, पूजा चालली असताना ते बाजूला उभे होते. “हळदकुंकू आमचं नाही,” ते म्हणाले, “पण कुलूप आमचंही आहे.” आणि त्यांनीही हात ठेवला.

मॅनेजरच्या माणसांना त्यानंतर एकही सही मिळाली नाही. त्या शपथेने लोकांचा हक्क वाचवला, यात शंका नाही. पुढे दर खंडेनवमीला लोक फाटकाशी जमायचे, हार घालायचे, शपथ पुन्हा म्हणायचे. चाळीतल्या गोदूबाईचा नवरा धोंडिबा छातीच्या दुखण्याने आडवा पडला होता, तेव्हा औषधालाही पैसे नव्हते आणि मॅनेजरचा माणूस उशाशी येऊन बसला होता. धोंडिबाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो गेला, पण त्याने सही केली नाही. अशी माणसं. आणि आता त्याच इमानाचा सरकारदरबारी अर्थ असा लागत होता, की ह्यांचं कंपनीकडे काही येणंच नाही.

शालन त्याच रविवारी दौलतमामांकडे गेली. ऐंशीच्या घरातले, साताऱ्याकडचे. गुडघे गेलेले, आवाज तसाच. तिने फॉर्म पुढे ठेवला. मामांनी सगळ्यात वरची ओळ पाहिली. कंपनीचं नाव होतं, कंसात शालनने लिहिलेलं श्रीनिधीही.

“हा कागद उचल,” ते म्हणाले.

“मामा, हा त्यांचा कागद नाही. हा आपला दावा आहे, त्यांच्यावर.”

“ते पण असंच गोड बोलायचे. तुझा बाप कुलपावर हात ठेवून बोललेला, माहितीये ना तुला?”

“माहितीये. माझा बाप गेला, मामा, आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणि ते तुमच्या शपथेपायी!”

बोलून गेली आणि तिला वाटलं, जीभ चावावी. ती कागद उचलून निघून आली आणि घरी येऊन रडली. रागाने रडली की बापाच्या आठवणीने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण हट्ट हा तिचा स्वभाव. चाळीत ती दारोदार फिरली. सही मागितली नाही. जुनी पगारपत्रकं, बिल्ले, निधीच्या पावत्या, मृत्यूचे दाखले तेवढे मागितले. कागद द्यायला शपथेची आडकाठी नव्हती, म्हणून लोकांनी दिले. काहींनी तर पत्र्याच्या पेट्याच उचलून आणून दिल्या. ती संध्याकाळी कामावरून यायची, चहा टाकायची आणि कोण किती वर्षं कुठल्या खात्यात होता ते लावत बसायची. दावा तयार होत गेला. फक्त सह्यांची जागा कोरी.

पुढच्या रविवारी ती पुन्हा मामांकडे गेली. या वेळी फॉर्म नेला नाही, आदेश नेला.

“आधी माफी मागते,” ती म्हणाली. “आणि मग एक वाचून दाखवते. पटलं नाही तर परत नाही येणार.”

ती वाचत गेली आणि वाचता वाचता मराठी करत गेली. मामा डोळे मिटून ऐकत होते; झोपले की काय असं तिला वाटलं. संचालकांच्या परिच्छेदाशी ती आली. “आजपासून कंपनीच्या संचालक मंडळाचे सर्व अधिकार निलंबित. कंपनीची मालमत्ता, कागदपत्रं, सगळा ताबा नेमलेल्या कारभाऱ्याकडे.”

मामांनी डोळे उघडले. “परत वाच.”

तिने परत वाचलं.

“म्हणजे शेठ आता शेठ नाही?”

“कंपनीपुरता तरी नाही.”

“आणि फाटकाचं कुलूप?”

“ते आता त्याचं नाही, मामा. न्यायाधिकरणाच्या माणसाचं आहे. हा फॉर्म पण त्याच माणसाकडे जाणार, शेठकडे नाही.”

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर मान वळवली. ज्या माणसाविरुद्ध उभं राहण्यात सगळं आयुष्य गेलं, तो माणूस समोरून कधी उठून गेला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा आनंदाचा नव्हता. शालनला त्यांची फार दया आली आणि आदरही वाटला.

“शपथ चारचौघांत घेतली,” शेवटी ते म्हणाले. “ती एकट्याने खोलीत बसून सोडवता येत नाही. खंडेनवमीला लोक जमतील. तिथे बघू.”

‘बघू’ म्हणजे हो की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षी खंडेनवमी बुधवारी होती आणि सोमवारी मुदत संपत होती.

बुधवारी सकाळी फाटकाशी नेहमीसारखी माणसं जमली. पुष्कळसे म्हातारे, जे गेले त्यांच्या बायका, सुना, मुलगे. कुलपाला हार घातला, नारळ फुटला. शालनने बापासारखीच बाजूला जागा घेतली. एका स्टुलावर कागद आणि शाईचा पॅड ठेवून ती उभी राहिली. मामांना दोघांनी धरून पुढे आणलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि कुलपावर ठेवला.

“हे कुलूप शेठचं होतं तोवर आपण सही केली नाही,” ते म्हणाले. आवाज रस्त्यापर्यंत गेला. “ती शपथ खरी होती. आता कुलूप शेठचं राहिलेलं नाही. कुंडलिकच्या पोरीने कोर्टाचे कागद शोधले, मला वाचून दाखवले. मी दोनदा ऐकले. आपण गप्प बसलो तर आपल्याला काही नको, असा अर्थ निघतोय. तेव्हा मी दिलेली शपथ मी सगळ्यांच्या देखत सोडवतोय. सह्या करा.”

आधी भट्टीवरचा नाथा पुढे आला, मग एकेक करत सगळेच आले. कोणी सही करत होतं, कोणी अंगठा. मेलेल्या नवऱ्याच्या नावापुढे अंगठा उठवताना एकदोन बायांना हुंदका आवरला नाही. प्रतिनिधी म्हणून सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, दौलत निकम. दुसरं नाव कोणाच्या मनातही नव्हतं.

कागद शेवटी मामांपुढे आला. त्यांनी तो परत सरकवला.

“मी नाही करणार.”

“मामा, प्रतिनिधीची सही नसेल तर ह्या सगळ्या सह्या फुकट जातील!” शालन म्हणाली.

“दुसरा कोणी नेमा. तुम्हाला मी सोडवलं, कारण शपथ मी दिली होती. मी पण घेतली होती. मला कोण सोडवणार? माझ्या शब्दापायी माणसं औषधाविना गेलीत. माझं मी स्वतःच माफ करून मोकळा होऊ?”

आदेशाची सगळी पानं शालनला आता तोंडपाठ झाली होती, पण ह्याचा परिच्छेद त्यात कुठेच नव्हता.

गर्दीतून गोदूबाई पुढे आली. अंगठ्याची शाई अजून ओली होती, ती तिने पदराला लागू नये म्हणून हात लांब धरला होता. आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नसेल. मामांसमोर येऊन ती उभी राहिली.

“दौलतदादा, माझा माणूस तुमच्या शब्दापायी गेला, असं लोक बोलतात,” ती म्हणाली. “तसं नाय. तो शब्द त्याचा पण होता. त्याला कोणी बांधून नव्हता ठेवलेला. सही करायची असती तर केली असती त्याने, हात शाबूत होता त्याचा. त्याने शेवटपर्यंत पाळला, त्याचं फिटलं. आता त्याच्या वतीने मी सांगते. तुमी सुटलात.”

दौलतमामांचा सगळा आब त्या एका वाक्याने गेला. इतकी वर्षं ज्या म्हाताऱ्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, तो लहान मुलासारखा रडला. कोणी त्यांना गप्प केलं नाही. रडणं आवरल्यावर त्यांनी हात पुढे केला, शालनने पेन दिलं, आणि त्यांनी स्टुलावर वाकून, एकेक अक्षर जोडून सही केली.

शालन कागद उचलायला गेली. मामांनी त्यावर तळहात ठेवला.

“थांब,” ते म्हणाले. “वरची ओळ तेवढी बघितली होती मी. आता वाच बघू, काय लिहिलंय ह्यात ते.”